चहाचें दुकान आणि गांवचें काम

[शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण]



चहाच्या दुकानांत बसणाऱ्या माणसास रिकामटेकडा म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. कुणबी, माळी, सुतार, लोहार, कुंभार, चांभार रोज सकाळीं आपल्या पायांनीं येतात आणि कोणी न बोलावतां गांवाविषयीं बोलतात, असें दुसरें ठिकाण गांवांत कोणतें आहे? देवळांत पुजारी बोलतो, आपण ऐकतों. कचेरींत साहेब बोलतो, आपण ऐकतों. चहाच्या बाकावर मात्र आपण बोलतों. वाईट एवढेंच, कीं कप खालीं ठेवला कीं तें बोलणेंहि तेथेंच राहतें.

तें उचलून कामाला कसें लावावें, हा आजचा विषय.

पाणंदीचेंच घ्या. आजोबांच्या वेळीं जींतून भरली गाडी जाई, तींतून आज पावसाळ्यांत खताची गोणी डोक्यावरून न्यावी लागते. बाकावर बसून आपण सरकारला शिव्या देतों. पण पाणंद कांहीं सरकारनें नांगरली नाहीं. दोहों बाजूंच्या धन्यांनीं वर्षाला एकेक तास आंत घेतला. यावर कायदा आहे. १९०६ सालच्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यानें वहिवाटीची वाट अडविणाऱ्याविरुद्ध तहसीलदाराकडे दाद मागतां येते. पण अर्ज गेला कीं तारखा आल्या, वकील आला, वरची कचेरी आली, आणि ज्याच्या बांधाला आपला बांध त्याच्याशीं जन्माचें वैर आलें. तोच प्रश्न दहा जणांत चहा पितां पितां निघाला, तर "मी दोन हात मागें सरतों, तूंहि सर" असें म्हणावयास माणसाला कमीपणा वाटत नाहीं. कचेरींत उभा केल्यावर तोच माणूस वीतभर जमीन सोडणार नाहीं. वाद मिटला नाहीं तर कचेरी आहेच. ती कोठें पळून जात नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) म्हणून गोंड लोकांचें लहान गांव आहे. तेथें अभ्यासगट नांवाची रीत पाडली गेली. वाटेल त्यानें येऊन बसावें, बाहेरचा जाणता बोलवावा, जंगल, बांबू, कायदा, मनांत येईल त्यावर बोलावें. निर्णय मात्र तेथें घ्यावयाचा नाहीं. निर्णय ग्रामसभेंत, आणि तोहि मतें मोजून नव्हे तर सर्वांच्या संमतीनें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं या गांवाला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपला बांबू आपण विकण्याची वाट मोकळी झाली. हें मोठमोठ्या पदवीधरांचें गांव नव्हे! त्यांनीं बोलण्याची जागा आणि ठरविण्याची जागा निराळी ठेवली. जेथें हार-जीत नाहीं तेथें भित्रा माणूसहि तोंड उघडतो.

आपल्याकडे काय होतें? मतदारांपैकीं १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आंकडा भरला नाहीं कीं ग्रामसभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाहीं! मग पांच-सात असामी बसून सगळ्या गांवचा आराखडा मंजूर करतात. पूर्वीं भटजी पोथी वाची, अर्थ आपणांस कळत नसे, तरी दक्षिणा आपण देत होतों. आतां ठेकेदार अंदाजपत्रक वाचतो, आणि अंगठ्याच्या जागीं सही आली एवढाच काय तो फरक.

आतां एक कडू गोष्ट. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेंत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांनीं पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. मारणारे भटजी नव्हते, मराठे नोकर होते. शाहू महाराजांनीं गंगारामांस पैसा देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचें दुकान घालून दिलें. त्याचें नांव 'सत्यसुधारक'. प्रथम तेथें कोणी फिरकेना. तेव्हां महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढें उभी करून चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींसहि पाजूं लागले. जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला केला होता. १९५५ च्या कायद्यानें दुकानांत जात पाहून भांडें नाकारणें गुन्हा ठरलें. इतकें होऊनहि ज्या दुकानांत एखाद्या वस्तीचा माणूस बाकाऐवजीं कडेला उभा राहून कप घेतो, तेथल्या बैठकींतून गांवाचें काम कसलें निघणार? निघालें तरी गटार वरच्या आळीपर्यंत येईल आणि सांडपाणी खालच्या वस्तींत सोडील. म्हणून आधीं बाक पाहावा, मग विषय काढावा.

पैशाविषयीं आमचा आग्रह आहे कीं ज्याचा चहा त्यानें आपल्याच पैशानें प्यावा. निवडणुकींत फुकट चहा कोण पाजतो आणि मग बोलणें कोणाचें चालतें, हें आपण पाहिलेलें आहे. एका बैठकीला एकच विषय असावा. एखाद्या शिकत्या मुलानें किंवा मुलीनें वही धरून कोण काय करणार तें लिहावें, आणि जें पंचायतीचें काम असेल त्याचा अर्ज ग्रामसभेपूर्वीं कचेरींत देऊन पोच घ्यावी. पोचेवांचून अर्ज म्हणजे वाऱ्यावरचें बोलणें. दुकानदाराचीहि समजूत घालावी लागते. अर्धा तास बाक अडला तर त्याचा धंदा बुडतो, म्हणून बैठक गर्दीची वेळ टाळून ठेवावी.

भगिनी चहाच्या दुकानांत येत नाहींत, आणि पाण्याचा, गटाराचा, शाळेचा त्रास तर त्यांनाच अधिक. त्यांची बैठक गिरणीपाशीं किंवा नळापाशीं रोजच भरते. वही तेथें गेली पाहिजे. सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वीं महिलांची ग्रामसभा घेण्याचा नियम आहे. तेथें लिहून घेतलेला ठराव दुसऱ्या दिवशीं पुरुषांस सहज गिळतां येत नाहीं.

आज ही सभा उठल्यावर पाणंदीचा विषय घ्यावयाचा आहे. जुना नकाशा ज्याच्या घरीं असेल त्यानें तो बरोबर आणावा. ज्यांचीं शेतें त्या वाटेला लागून आहेत त्यांनीं बाकावर पुढें बसावें, आणि चहाचे पैसे प्रत्येकानें आपले आपण द्यावे.