तिसऱ्या दिवसाचा वास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'करिअरमधले अनुभव' हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर मी नेमकं काय करते हे वीस वर्षांत माझ्या आईलाही समजावता आलेलं नाही, तेव्हा दहा मिनिटांत तुम्हाला काय समजावणार? म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला. मी आज एका बिअरबद्दल बोलणार आहे.

मागच्या रांगेतली मंडळी लगेच सावरून बसली, ते इथून दिसतंय. पहिल्या रांगेतल्या आपल्या विज्ञानाच्या बाईंची मात्र आधीच माफी मागते. बाई, शेवटपर्यंत ऐका. हा तुमच्याच धड्याचा पुढचा भाग आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील प्यायचे. वर्गात बऱ्याच जणांना ते माहीत होतं आणि दहावीपर्यंत एकानेही मला त्यावरून कधी बोलून दाखवलं नाही. त्याबद्दल इतक्या वर्षांनी तुमचे आभार मानते. मी इंजिनिअरिंगला पुण्यात गेले, नोकरीला लागले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावात दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आई सकाळी सातला रांगेत उभी होती. बाटली आडवी झाली, दुकान बंद झालं. वडील शेजारच्या गावाला जायला लागले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्यापैकी काही जण तेव्हा घरी येऊन गेला होतात.

त्यामुळे ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मी नेहमी लिंबू सरबतवाली. आंबूस वास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. गंमत अशी, की मी वाढले ते सगळं आंबूस वासातच. आजोळ दौंड तालुक्यात. केडगाव, पाटसच्या त्या पट्ट्यात गुऱ्हाळं आणि साखर कारखाने. गुऱ्हाळावर रात्रभर राहिलेला उसाचा रस सकाळी फसफसलेला असायचा. कारखान्याच्या बाजूने वारा आला की मळीचा वास. आणि उन्हाळ्यात आजीच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जो वास यायचा, तो इथल्या प्रत्येकाच्या नाकात आहे. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं, तर तो गहू म्हशीपुढे जायचा. आजी म्हणायची, आंबणं वेगळं आणि नासणं वेगळं.

आता बाटलीकडे येते. गेल्या डिसेंबरात आपली टेक्सासवाली मैत्रीण आली होती. दुसऱ्या बाकावरची, भूगोलात नेहमी पहिली येणारी. ती ऑस्टिनला असते. तिने तिथल्या एका शेतावरच्या लहान ब्रुअरीची पाऊण लिटरची बाटली आणली होती. शॅम्पेनसारखं बूच, त्यावर तारेची जाळी. लेबलवर लिहिलेलं : वाइल्ड एल, पीच घातलेली, ड्राय हॉप केलेली. ती म्हणाली, "तू पिऊ नकोस. तू इंजिनिअर आहेस, नुसती समजून घे."

समजून घ्यायचं म्हटलं की मी अडकते. मी वाचायला बसले.

बाई, तुम्ही चंचुपात्रात साखरेचं कोमट पाणी आणि यीस्ट घालून नळी चुन्याच्या निवळीत सोडली होती. निवळी दुधाळ झाली, आणि तुम्ही म्हणालात, "यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि अल्कोहोल बनवतं." सगळ्या बिअरचं मूळ तेवढंच आहे. फरक असतो तो कोणतं यीस्ट वापरता यात. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. तेव्हापासून जगभरातली बहुतेक बिअर दर वेळी तंतोतंत सारखी लागायला लागली. बाकीचे सगळे जंतू बाहेरचे, म्हणजे बिघाड.

पण बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास काहींनी ऐकलं नाही. तिथे कांतियों नावाची १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी अजून आहे. बार्लीच्या मोडांबरोबर तिसरा हिस्सा साधा, कच्चा गहू उकळायचा. तो गरम रस माळ्यावरच्या उथळ, पसरट तांब्याच्या हौदात ओतायचा आणि खिडक्या उघड्या ठेवून रात्रभर निववायचा. हवेतलं, भिंतीतलं, लाकडातलं जे यीस्ट येईल ते येईल. मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं. हे फक्त थंडीत करतात, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू जास्त येतात. आपल्या शिरूरच्या वैशाखात कोणी हा प्रयोग केला, तर सकाळी म्हशीही तोंड लावणार नाहीत. या प्रकाराला लँबिक म्हणतात. अमेरिकेतल्या 'वाइल्ड एल' हे त्याचंच पुढचं पिढीतलं नातेवाईक. ऑस्टिनजवळ २०१० मध्ये सुरू झालेली जेस्टर किंग नावाची ब्रुअरी तिथल्या शिवारातलंच यीस्ट वापरण्यासाठी नावाजलेली आहे.

या रानटी यीस्टपैकी एकाचं नाव ब्रेटॅनोमायसिस, अर्थ ब्रिटिश बुरशी. तेही कार्ल्सबर्गमध्येच १९०४ साली क्लाउसेन यांनी ओळखलं. वाइनवाले आजही त्याच्या नावाने कपाळाला हात लावतात. त्याच्यासोबत दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद असतात, ते आंबटपणा आणतात.

राहिले हॉप्स. ही एका वेलीची फुलं, भांगेच्या कुळातली. उकळताना टाकली तर कडवटपणा उतरतो. 'ड्राय हॉप' म्हणजे आंबवणं झाल्यावर, थंड बिअरमध्ये टाकायची. तेव्हा कडूपणा फारसा येत नाही, नुसता सुगंध येतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर, एवढाच फरक. फळही तसंच. पिंपात घातलं की फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडी जाते, वास आणि आंबटपणा उरतो.

इतकं वाचल्यावर मी ठरवलं, की चव घ्यायची. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. आधी ऑनलाइन परवाना काढला. हसू नका, १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून आहे, आणि प्यायला परवाना लागतो. पहिल्या घोटाआधी परवाना काढणारी या बॅचमधली मी एकटीच असेन.

जागा, शिरूरला आमच्या घराची गच्ची. घोडनदीकडून गार वारा येत होता. आम्ही पाच जण होतो. त्यातला एक आपला सलग तीन वर्षं शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान. त्याच्याच परवानगीने सांगते, त्याने दारू सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. तो आलाय म्हटल्यावर टेक्सासवालीने बाटली पिशवीत परत घातली. तो म्हणाला, "काढ बाहेर. माझ्यासाठी कोकम सरबत आण आणि मला घे म्हणू नका, एवढं पुरे आहे."

बूच उडालं. चार काचेच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. रंग उसाच्या रसासारखा, किंचित गढूळ, वर पांढरा फेस. आधी नुसता वास घेतला. पहिल्यांदा पिकलेल्या फळाचा, पीच मी फार खाल्लेले नाहीत, मला पाडाच्या आंब्याच्या देठाजवळचा वास आठवला. मग पपनसाच्या सालीचा आणि गवती चहाचा, तो हॉप्सचा. आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी जुनं, ओलं. गोणपाट, गोठा, भिजलेलं धान्य. तिथे मी थांबले. पोटातला गोळा वर यायला लागला होता.

मग घोट घेतला. गोड अजिबात नाही. कैरीची फोड दाताखाली यावी तसा आंबटपणा, जबड्याच्या दोन्ही बाजूंना कळ येईल असा. मागून जांभळासारखी जीभ थोडी कोरडी झाली. पीच नव्हताच तिथे, पीचची आठवण होती. गिळल्यावर पपनसाचा वास नाकातून परत आला. मी दोन घोट घेतले, तिसरा घेतला आणि पेला खाली ठेवला.

तेवढ्यात आई वर आली. भजी घेऊन.

कोणाला काही सुचेना. सहामाहीच्या पेपरात कॉपी पकडल्यासारखे चौघे बसलो. मी सरळ सांगितलं, "आई, बिअर आहे. मी चव घेतली." ती काही बोलली नाही. ताट ठेवलं, माझ्यासमोरचा पेला उचलला आणि नाकाशी नेला. मला वाटलं, आता गच्चीवरून खाली ओतणार. तिने पुन्हा वास घेतला.

"अगं, हा तर चिकाचा वास. तिसऱ्या दिवसाचा."

मला जे अर्धा तास समजत नव्हतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं. गोठा, गोणपाट, भिजलेलं धान्य म्हणजे आजीचं कुरडयांचं पातेलं. तोच गहू, तसेच जंतू. मी लहानपणापासून एका वासाला घाबरत होते आणि तो वास वडिलांचा होता तसाच आजीचाही होता. वडिलांच्या वाट्याला पाणी बदलण्याचा दिवस आलाच नाही.

आईने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "वास चांगला आहे. पण माझं मत तेच, आडवी." आणि कप्तानाच्या पाठीवर हात ठेवून त्याला सगळ्यात मोठं भजं दिलं.

मित्रांनो, हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. संध्याकाळी जेवणाआधी पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या डिक्क्या उघडणार आहेत. कोणत्या ते मी सांगणार नाही, सर ऐकतायत. माझा त्याला विरोध नाही, आता तेवढा नैतिक अधिकारही उरला नाही. विनंती एकच. "घे रे एक, काय होतंय, तीस वर्षांनी भेटलोय" हे वाक्य आज कोणी कोणाला म्हणू नका. आपल्या वर्गात असे किमान तिघे आहेत, ज्यांना या एका वाक्यामुळे मेळाव्याला यायची भीती वाटत होती. एक जण त्यासाठीच आज आलेला नाही. त्याला मी काल फोन केला होता. पुढच्या वेळी तो यावा असं मला फार वाटतं.

चव घेणं म्हणजे काय, हे मला त्या गच्चीवर कळलं. पेला खाली ठेवता येणं. ज्याला तो खाली ठेवणं जड जातं, त्याच्या हातात आपण तो देऊ नये, इतकं तर वर्गमित्र म्हणून आपण करू शकतो. दहावीपर्यंत तुम्ही माझ्यासाठी यापेक्षा जास्त केलं होतं.

कोकम सरबताचा मोठा ड्रम मी आणलाय. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलाय. आणि बाई, चुन्याची निवळी दुधाळ झाली त्या दिवशी तुम्ही गृहपाठ दिला होता, 'घरात किण्वन कुठे कुठे होतं ते लिहून आणा.' मी तेव्हा फक्त इडली आणि दही लिहिलं होतं. आज पूर्ण केला, असं समजा.