डोक्यावर छप्पर, हाताला दाम



आज आम्ही दोन गोष्टींविषयी बोलणार आहोत. एक घर आणि दुसरी मिळकत.

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून', असे आपले वाडवडील सांगून गेले. ज्याने घर बांधले, त्यालाच त्याची झळ कळते. ज्याच्या हाती रोजचा पैसा नाही, त्याने घर बांधायचे तरी कसे? आणि ज्याला धड घर नाही, त्याची निम्मी कमाई दर पावसाळ्यात डागडुजीवर आणि दवापाण्यावर जाते. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एका गाडीची ती दोन चाके आहेत.

काही लोक म्हणतात, "सरकारकडे मागायचं म्हणजे भीकच की हो!" आम्हाला हे पटत नाही. आपण काडेपेटी घेतो, साबण घेतो. त्यांच्या किमतीत कर असतो. गरिबातला गरीबसुद्धा सरकारच्या तिजोरीत पैसा घालतो. मग अडचणीच्या वेळी त्यातला वाटा मागण्यात लाज कसली?

मागितल्याने काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. गुरांना चारा मिळेना. लाखो बायाबापड्या खडी फोडायला गेल्या. उन्हातान्हात त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव खणले. पण लोक गप्प बसले नाहीत. कामासाठी आणि धान्यासाठी गावोगाव मोर्चे निघाले. त्या काळी वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळावे, ही कल्पना त्यांनी मांडली होती. १९७७ साली आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांवर कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. बघा, खडी फोडणाऱ्या माणसांची मागणी दिल्लीपर्यंत पोचली!

पण सगळ्यांनाच काम करता येते असे नाही. कोणी म्हातारे आहे. कोणी अपंग आहे. कोणा बाईचा धनी गेला आणि पदरी लहान मुले आहेत. अशांसाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. २०२३ साली तिची मदत महिना १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाली. वाढ झाली हे चांगलेच. पण हिशेब करून पाहा. दिवसाला ५० रुपये पडले. त्यात तेल, मीठ, भाजी आणि औषध बसवायचे!

आणखी एक गोष्ट. त्या वेळीही विधवा बाईला अट अशी होती, की घराची मिळकत वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवी. म्हणजे दिवसाला ६० रुपयेसुद्धा नाहीत. दोन दिवस जास्त खुरपायला गेली, तर तिची मदत जायची. गरिबाने आणखी गरीब व्हावे, मगच हात द्यावा, ही रीत बरी नाही.

आता घराकडे येऊ. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे, असावे असे ठरले. सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये मदत ठरली. पुढे विटा महागल्या, वाळू महागली, सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली. केंद्राची रक्कम मात्र २०२४ साली योजना पुढे वाढवताना तीच राहिली. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली आपल्याकडून ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. 

हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. एवढे बांधकाम झाले, की पुढचा हप्ता. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, तो घर पुरे करतो. ज्याच्याजवळ काही नाही, तो सावकाराकडे जातो. आमच्या गावात एका विधवा बाईचे घरकुल असेच थांबले आहे. भिंती खांद्याएवढ्या झाल्या आणि पैसा संपला. दोन पावसाळे ती ताडपत्रीखाली काढते आहे. तिला घर मंजूर झाले, पण मिळकत नाही. एक चाक आहे, दुसरे नाही. गाडी चालावी कशी?

म्हणून आपण तीन गोष्टी मागाव्यात.

पहिली : महागाई वाढेल तशी निराधारांची आणि घरकुलाची रक्कम आपोआप वाढावी.

दुसरी : मिळकतीची अट आजच्या मजुरीला धरून असावी.

तिसरी : ज्याला स्वतःची जागा नाही, त्याला आधी जागा मिळावी. जागा घेण्यासाठी मदत देणारी योजना राज्यात आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करावी.

हे कोठे मागायचे? ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुधा ग्रामसभा असते. त्या दिवशी घरी बसू नका. बायांनीही यावे. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे वाचली पाहिजे. खरा गरजू राहून गेला असेल, तर उठून सांगा. ठराव लिहून घ्या. लिहिलेला ठराव स्वतः वाचा, मगच सही करा.

अर्ज लेखी द्या. त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार आहे. हा कायदा २००५ साली झाला. १० रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र कोणी "काम करून देतो, मधले काहीतरी द्या" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मंडळी, काल तुम्ही अंगठा उठवत होता. आज तुम्ही वाचता, लिहिता. हे शिकणे पोथीपुरते ठेवू नका. शेजारच्या म्हातारीचा अर्ज लिहून द्या. भिंतीवरची यादी दहाजणांना वाचून दाखवा. एकट्याने मागितले तर आवाज चावडीपर्यंतही जात नाही. सगळ्यांनी मागितले तर तो राजधानीत ऐकू येतो. 'गाव करी ते राव न करी', ही म्हण आपण सगळे मिळून खरी करू या.