बसून राहण्याचे दिवस



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा होती की आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. आम्ही विषय कळविला तो घोट्याच्या शस्त्रक्रियेचा. चालक जरा गोंधळले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. यंदा त्यात या घोट्याने भर घातली, तेवढी ऐकून घ्यावी. चळवळ त्यातच येईल.

शस्त्रक्रियेला आज अकरा आठवडे झाले. या व्यासपीठाच्या पायऱ्या आम्ही कठडा धरून चढलो, हे आपण पाहिलेच.

दुखणे जुने. तरुणपणी कबड्डी खेळताना हा उजवा पाय कितीदा मुरगळला याची गणती नाही. रात्री हळदीचा लेप लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात. मग वीस वर्षे सिमेंटच्या जमिनीवर यंत्रापुढे उभे राहिलो. पुढे संघटनेचे काम आले. द्वारसभेसाठी टेंपोवर चढायचे, भाषण संपले की खाली उडी टाकायची. हळूहळू उकिडवे बसणे बंद झाले. जिना चढताना घोट्यात पुढच्या बाजूस काही अडकल्यासारखे होई. क्ष-किरणांचे चित्र काढले, तेव्हा नडगीच्या खालच्या काठावर हाडाचे एक टोक वाढलेले दिसले आणि त्याच्या समोर, घोट्याच्या हाडावर, दुसरे. पाऊल वर वळविले की मधले मऊ आवरण या दोन टोकांच्या चिमटीत सापडे.

हाड असे का वाढते? हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलते, हा नियम जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनेचे प्राध्यापक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी माणसांच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले. उकिडवे बसण्याच्या सवयीने घोट्याच्या सांध्यापाशी, नेमक्या याच जागी, गुळगुळीत खुणा उमटतात असे त्यांना आढळले. म्हणजे माणूस कसा बसला आणि कसा राबला, याची नोंद त्याच्या हाडात राहते. ही खूण निरोगी सवयीची. आमच्या पायातले टोक मात्र वारंवारच्या धक्क्यांवर शरीराने केलेल्या डागडुजीचे. डागडुजी चालू असताना आम्ही त्या पायाला एक दिवस विसावा दिला नव्हता.

लिव्हरपूलचे शल्यविशारद मॅक्मरे यांनी १९५० साली या दुखण्याला ‘फुटबॉलपटूचा घोटा’ असे नाव दिले. खेळाडूचा पाय हजारो लोक पाहतात, म्हणून त्याचे नाव लागले. गोदामात ट्रकच्या फळीवरून पोती वाहणाऱ्याचा घोटा कोण पाहतो?

शस्त्रक्रिया दोन बारीक छिद्रांतून, दुर्बिणीने झाली. न्यूयॉर्कचे बर्मन यांनी १९३१ साली प्रेतांवर प्रयोग करून लिहिले होते की घोट्याचा सांधा अरुंद आहे, त्यात दुर्बीण घालणे जमणार नाही. पुढे अधिक बारीक दुर्बिणी निघाल्या आणि १९७२ साली टोकियोच्या वातानाबे यांनी घोट्याच्या दुर्बीण-तपासण्यांचा वृत्तान्तच प्रसिद्ध केला. ‘जमणार नाही’ हे उत्तर वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही नेहमी ऐकतो. ते कायमचे नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

हाड कापण्याचे काम तासाभरात उरकले. खरे काम पुढे होते, आणि ते आमचे होते. पहिले दिवस पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. थोड्या थोड्या वेळाने बर्फाचा शेक. बोटे हलवायची, परवानगी मिळताच घोटा वर-खाली करायचा, नाहीतर सांधा आखडतो. बाराव्या दिवशी टाके निघाले. कुबड्या सुटल्या तरी संध्याकाळी पाऊल सुजे, अजूनही सुजते. डॉक्टर म्हणाले, सूज कित्येक महिने राहू शकते, घाई करू नका. आयुष्यभर लोकांना ‘उठा’ म्हणून सांगितलेल्या माणसाला बसून राहणे किती जड गेले, ते आमच्या घरच्यांना विचारावे. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी हातात दिला.

नवव्या दिवशी एक गृहस्थ मोसंबीची पिशवी घेऊन आले. गोदामातले कंत्राटी हमाल. आम्ही कुबड्या घेऊन उठू लागलो तसे ते म्हणाले, “अण्णा, असं नाही. पायरी चढताना चांगला पाय पुढं टाकायचा, उतरताना दुखरा. मी हे पडून शिकलो.”

तेव्हा आम्हाला आठवले. दोन वर्षांपूर्वी याच माणसाच्या घोट्याची अशीच शस्त्रक्रिया झाली होती. मोर्चाच्या आदल्या दिवशी ते सुट्टी मागायला आले, तेव्हा आम्ही चारचौघांत म्हटले होते, “लंगडत या. लंगडणारा माणूस पुढे असला की फोटो चांगला येतो.” सगळे हसले. तेही हसले, आणि आले. तीन मैल चालले.

त्या दिवशी आम्ही त्यांना प्रथमच विचारले की शस्त्रक्रियेनंतर किती दिवस बसायला मिळाले. ते म्हणाले, “एकोणीस. विसाव्या दिवशी पोतं उचललं.” उपचार कर्ज काढून केलेले. कामगार राज्य विम्याची योजना १९४८ च्या कायद्याने आली. तिच्यात आजारी कामगाराला, ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण कंत्राटदाराने यांची वर्गणी भरलीच नव्हती. अपराध कंत्राटदाराचा खरा. परंतु विचारण्याचे काम आमचे होते आणि आम्ही विचारले नाही. आमच्या वहीत नावे होती ती कायम कामगारांची. मोर्चात मात्र कंत्राटी माणसेही मोजली जात.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “अण्णा, आधी पाय वर ठेवा.”

बंधूंनो, हाताला काम मागणे आम्ही शिकलो, कामाला दाम मागणेही शिकलो. दुखऱ्या पायाला दिवस मागणे आमच्या मागणीपत्रात कधी नव्हते. ते आता घातले आहे : दुखण्यातून उठलेल्याला पहिले काही आठवडे हलके काम, आणि कंत्राटी कामगारांच्या विमा वर्गणीची दर महिन्याला तपासणी. तपासणीच्या वहीत पहिले नाव त्या हमालांचे आहे. त्यांची वर्गणी अजून भरली गेलेली नाही. भांडण चालू आहे, आणि ते जिंकेपर्यंत या घोट्याची गोष्ट पुरी झाली असे आम्ही म्हणणार नाही.

पाय सुजू लागला आहे. आपल्या प्रश्नांची उत्तरे, अध्यक्षांची परवानगी असेल तर, आम्ही बसून देऊ.