दुखऱ्या पायाच्या घोड्याला काय द्यावं?

(अर्धापूर येथील हिवाळी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकाने दिलेलं व्याख्यान)

माळेगावची यात्रा नुकतीच पार पडली. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि लोहा तालुक्यातल्या त्या माळावर घोडे, गाढवं, लाल कंधारी गुरं असा मोठा बाजार भरतो. घोड्याचा सौदा होतो तो चाल बघून. म्हणजे घोड्याचं दुखणं आणि त्यावर मारलेली सुई हा विषय आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा ऑलिंपिकमध्ये त्याला लेखी नियम आहेत, आपल्या माळावर नाहीत, एवढाच फरक.

माझं मत आधीच सांगतो. स्पर्धेच्या दिवशी घोड्याच्या अंगात वेदनाशामक असता कामा नये, हा नियम घोड्याच्या बाजूचा आहे. तो उपचाराच्या आड येत नाही. उपचार केला आणि लगेच पळवला, याच्या आड येतो.

भरधाव घोड्याचं सगळं वजन एका क्षणाला एकाच पायावर येतं, आणि वेगामुळे तो भार अंगाच्या वजनाच्या दुपटीहूनही जास्त होतो. अशा वेळी शिरेला सूज असली किंवा हाडाला बारीक तडा असला, तर घोडा पाय जपून टाकतो. आपण म्हणतो, लंगडतोय. पण ते लंगडणं त्याचं संरक्षण असतं. सुई मारली की ते संपतं. तडा तसाच राहतो आणि घोडा त्यावर पूर्ण भार टाकतो. नस बधिर करणारं इंजेक्शन याहून वाईट. दुखणं नेमकं कुठे आहे हे शोधायला आम्ही पशुवैद्यक ते तपासणीत वापरतो, आणि तिथे ते फार उपयोगी आहे. बधिर पायाने घोडा पळवला तर हाड मोडण्याची भीती असते, आणि घोड्याचं पायाचं मोठं हाड मोडलं की बहुतेक वेळा त्याला वाचवता येत नाही.

आता औषधांकडे येतो. घोड्यांत जुनं आणि जगभर वापरलं जाणारं औषध म्हणजे फेनिलब्युटाझोन, तबेल्यातल्या भाषेत 'ब्यूट'. दुसरं फ्लुनिक्सिन, पोटशुळात हुकमी. तिसरं मेलॉक्सिकॅम. शरीरात सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांची निर्मिती ही औषधं रोखतात. पण जठराच्या अस्तराचं आणि मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचं रक्षणही हीच द्रव्यं करतात. म्हणून मात्रा वाढली, दिवस वाढले, की पोटात आणि मोठ्या आतड्यात व्रण होतात. पाणी कमी प्यालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना तर थेट धोका. एका औषधाने भागलं नाही म्हणून त्यावर दुसरं देणारे मी पाहिले आहेत. हात जोडून सांगतो, असं करू नका. आणखी एक: ब्यूटचं इंजेक्शन रक्ताच्या शिरेतच जायला हवं. मानेत शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस सडतं. हे काम मोतद्दाराचं नाही.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ प्रतिबंधित द्रव्यांचे दोन गट करतो. घोड्याला ज्यांची कधीच गरज नसते ती एका गटात, ती सदैव बंद. उपचाराला लागतात पण स्पर्धेच्या वेळी अंगात चालत नाहीत, ती दुसऱ्या गटात. वर सांगितलेली तिन्ही औषधं दुसऱ्या गटातली. ठरलेल्या मात्रेनंतर ब्यूट सुमारे 7 दिवस सापडतं, फ्लुनिक्सिन 6, मेलॉक्सिकॅम 3. हे आकडे मोजक्या घोड्यांवरच्या चाचण्यांतून आलेले असतात. तुमचा घोडा म्हातारा असेल, मूत्रपिंड मंद असेल, तर औषध जास्त रेंगाळतं. म्हणून डॉक्टर त्यात आणखी काही दिवसांची भर घालून सांगतो, आणि सांगितलेला शेवटचा दिवस म्हणजे शेवटचाच.

1968 च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला 'डान्सर्स इमेज' याच ब्यूटमुळे बाद झाला. त्याच्या घोट्यांचं दुखणं जुनं होतं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लुडगर बेअरबाउम यांच्या 'गोल्डफीव्हर'च्या त्वचेवर लावलेल्या मलमात बीटामेथॅसोन निघालं आणि जर्मनीच्या संघाचं सुवर्ण गेलं. तिथे दुखणं लपवायचा हेतू नव्हता, साधं त्वचेचं मलम होतं. तरीही नियम लागू झाला, आणि तो तसा लागू झाला हे मला योग्य वाटतं, कारण प्रयोगशाळेला हेतू मोजता येत नाही.

2008 ची गोष्ट मराठवाड्याने मुद्दाम ऐकावी. बीजिंग ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सायसिन सापडलं. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. ते चोळल्यावर आधी आग होते, मग दुखणं कमी वाटतं. वेदना दाबायला ते वापरता येतं. आणि पायाची कातडी हुळहुळी करायलाही, म्हणजे उडी मारताना आडव्या दांडीला पाय लागला की घोड्याला झोंबावं आणि पुढच्या वेळी त्याने पाय उंच उचलावा. या चारांतल्या एका घोड्यामुळे नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक परत द्यावं लागलं.

आपल्याकडचे लेपही या नियमातून सुटत नाहीत. सुजेवर धोत्र्याची पानं बांधायची रीत जुनी आहे. धोत्र्यात अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन असतं, आणि दोन्ही द्रव्यं चाचणीत पकडली जातात. सोयाबीनच्या शेतात धोत्रा उगवतो, त्याचं बी काढणीत धान्यात मिसळतं. लातूर-नांदेडच्या सोयाबीनची पेंड तोबऱ्यात घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. फ्लुनिक्सिन मूत्रावाटे गवताच्या अंथरुणात उतरतं आणि तेच गवत खाऊन घोड्याच्या पोटात परत जातं. औषध चालू असताना ठाण रोज साफ करावं आणि त्या ठाणात दुसरा घोडा बांधू नये.

मग दुखत्या घोड्याला काहीच द्यायचं नाही का? पुष्कळ काही देता येतं. गार पाणी आणि बर्फ चालतो. हाताने मालीश, हळू चालवणं चालतं. नालबंद चांगला असेल तर निम्मं दुखणं तिथेच कमी होतं, कारण खूर वेडावाकडा वाढला की वरच्या शिरेवर ताण येतो. पोटातल्या व्रणासाठी ओमेप्राझोल स्पर्धेतही चालतं. शॉकवेव्ह उपचार चालतो, पण स्पर्धेआधीचे 5 दिवस नाही. आणि विश्रांती. शीर दुखावली तर ती महिन्यांत भरते, दिवसांत नाही.

औषध निवडताना आणखी एक कायदा आहे, आणि तो गिधाडांमुळे आला. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. 2004 मध्ये हे सिद्ध झालं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. 2006 पासून जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद आहे, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झालं. माणसांचं डायक्लोफेनॅक औषधाच्या दुकानातून आणून घोड्याला टोचणं म्हणजे हा कायदा मोडणं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे आणि घोड्याच्या अंगातूनही तुलनेने लवकर निघतं. म्हणून माझी पहिली पसंती त्याला, अर्थात डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

शेवटी माळेगावबद्दल एक मागणी करतो. घोडा घेताना बाजारात त्याला कडक जमिनीवर सरळ दुडकवून बघा, मग दोन्ही हातांच्या लहान फेऱ्यांत. वळताना लंगडणं उघडं पडतं. सुईने झाकलेलं लंगडणं मात्र त्या दिवशी दिसणार नाही. इंग्लंडमध्ये घोडा खरेदी करताना रक्ताचा नमुना काढून सहा महिने जपून ठेवतात, नंतर वाद झाला तर तो तपासतात. उदगीर आणि परभणी इथे आपली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. यात्रेत त्यांचा एक तंबू असावा, मोठ्या सौद्याच्या वेळी तिथे रक्त काढावं, बाटलीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ती शीतपेटीत ठेवावी. याला फार खर्च येत नाही. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत वर्ष हातात आहे. यात्रेचं नियोजन करणारी मंडळी इथे बसली असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावं. मी यायला तयार आहे.