दुःख आठवावे कसे?

श्रोतेहो, "झालं गेलं विसरून जा" असे सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. हेतू चांगलाच असतो. पण मन म्हणजे काही पाटी नव्हे, ओल्या फडक्याने पुसून टाकायला. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, तिथे त्याची आठवण विहिरीवर, बांधावर, जेवणाच्या पाटावर भेटणारच. ती आली म्हणजे करावे काय?

पुष्कळांचे मन रवंथ करते. "मी त्या रात्री जागी असते तर?" "माझ्याच नशिबी का?" तेच तेच, रोज. गाईला रवंथाने निदान पचते तरी! माणसाची उदासी मात्र अशा घोळण्याने लांबते, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका सहकारिणीबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर लिहावयाचे. लिहून उठताना मन उलट जडच झाले. पण काय घडले आणि तेव्हा काय वाटले, हे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत गुण माफकच दिसला, आणि तोही सर्वांना सारखा नव्हे.

आपल्याकडे अक्षरओळख नसलेल्या बायांनी हेच जात्यापाशी केले, असे मला वाटते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या ओव्या लाखाच्या वर भरतात. त्यांत सासुरवास आहे, अंतरलेली आई आहे. पहाटेच्या अंधारात दुःख जात्याला सांगायचे. "रडू नको गं" म्हणणारे मध्ये कुणी नाही. आणि पायली दळून झाली की उठायचे, चूल पेटवायची. रवंथाला असा शेवट नसतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, "माझे वडील" हा निबंध घालताना वर्गात कुणाचे वडील नाहीत, हे आधी पाहा. दुःख ताजे असेल तर लिही, बोल असा आग्रह मुळीच नको. पुढे कधी त्या मुलाने आपणहून लिहिले, तर ते सर्वांपुढे वाचायला लावू नका, त्यावर लाल शाईही नको. हवे तर त्याने ते फाडून टाकावे.

मात्र झोप-जेवण तुटले असेल, किंवा कुणी "जगणं नको" म्हणू लागले, तर वहीवर भागवू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.