होडीच्या मोरीतून पाणी आत येऊ नये म्हणून



आम्ही ओझरच्या बचत गटातल्या बायका. शेताला पाणी कसं आणायचं आणि कसं वाटून घ्यायचं, हे आमच्या गावाला वाघाड प्रकल्पाच्या पाणीवापर संस्थांनी शिकवलं. नको असलेलं पाणी बाहेर कसं ठेवायचं, ते मात्र आम्ही होडीकडून शिकलो.

गटाच्या कर्जातून आम्ही मासेमारीसाठी लहान फायबरची होडी घेतली. तिच्या फळीवर जाळ्याचं पाणी निथळून जावं म्हणून मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. आम्ही त्यांना मोऱ्या म्हणतो. एका सकाळी मासे बरे मिळाले. दोन्ही क्रेट मागे ठेवले, जाळंही मागेच टाकलं आणि आमच्यातल्या दोघी तिथंच बसल्या. थोड्या वेळानं पायाशी पाणी आलं. जाळ्याचं असेल म्हणून डब्यानं उपसत राहिलो, पण ते वाढतच होतं. नीट पाहिलं, तर मोऱ्या तळ्याच्या पाण्याखाली गेलेल्या! पाणी बाहेर जायच्या वाटेनंच आत येत होतं. एक क्रेट हळूच मध्ये सरकवला, एक जण बसल्या बसल्या पुढे सरकली, तेव्हा मोऱ्या वर आल्या. मग उपसलेलं पाणी पुन्हा भरलं नाही.

पंधरा लिटरचे चार हंडे पाणी म्हणजे साठ किलो, एका बाईचं वजन. शिवाय बाई एका जागी बसते, पाणी बसत नाही. होडी कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि होडी उलटू शकते.

घरी आल्यावर एकीनं सुचवलं, मोऱ्या एम-सीलनं कायमच्या बुजवू. ते आम्ही केलं नाही. बुजवल्या, तर पावसाचं आणि लाटेचं पाणी फळीवरच साठेल. त्याऐवजी प्रत्येक मोरीवर बाहेरून रबराची झडप लावली. ती फक्त वरच्या कडेला पक्की केली आहे. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. खवले किंवा शेवाळ अडकलं, तर झडप उघडीच राहते. म्हणून रोज बोटानं साफ करायची.

तळाच्या भोकाचं बूच वेगळं. होडी पाण्यात ढकलण्याआधी ते घट्ट लावायचं, वायसर झिजला असेल तर बदलायचा. काठावर ओढल्यावर बूच काढून ठेवायचं. फळीखालून पाणी निघालं, तर कुठंतरी गळती आहे. होडी कोरडी करून आत पाणी ओता. बाहेर जिथं थेंब दिसेल, तिथं चीर.

शेवटचं, ओझं. इंग्लंडमध्ये जहाजं जास्त भरल्यानं बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदारानं लढा दिला आणि 1876 साली जहाजांवर भाररेषा काढायचा कायदा झाला. आम्हीही काठाजवळ उथळ पाण्यात माणसं आणि रिकामे-भरलेले क्रेट ठेवून पाहिलं, मोऱ्यांच्या चार बोटं खाली लाल रंगाची रेघ मारली. रेघ बुडाली की एक क्रेट काठावर राहतो. जीवरक्षक जॅकेट मात्र प्रत्येकीच्या अंगात असतंच.

क्रेटभर मासे उद्याही मिळतील. बाई घरी आली पाहिजे.