मृगाच्या किड्याचे पाय

मृग नक्षत्र लागून पहिली सर कोसळली की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर, रानात आणि शाळेच्या ओल्या मैदानावरही तांबड्या मखमलीचे थेंब सांडावेत तसे मृगाचे किडे हिंडू लागतात. आणि मुलांचे लक्ष एकदा तिकडे गेले म्हणजे अंकलिपीतल्या सहा आंब्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, हा माझ्या मास्तरकीतला दरसालचा अनुभव. आरंभी हा प्रकार मी बेशिस्तीच्या खाती जमा करीत असे. पुढे ध्यानात आले की, चित्रातले आंबे सहा असले काय नि सात असले काय, मुलाचे त्यावाचून काही अडत नाही. किड्याच्या पायांची गोष्ट निराळी, कारण तेथे संख्येवर निवाडा अवलंबून असतो.

मुंगी, झुरळ, टोळ, फुलपाखरू यांना सहा पाय. कोळ्याला नि विंचवाला आठ. हा तक्ता मुलांनी स्वतः मोजून पाटीवर मांडला होता (विंचू अर्थात बाटलीतला), आणि मृगाचा किडा कोणत्या रकान्यात घालावा यावर वर्गात तंटा उपस्थित झाला. बोट लागताक्षणी हा प्राणी पाय आखडून निपचित पडतो, तेव्हा पहिला जबाब आला, ‘याला पायच नाहीत.’ मग श्वास रोखून थांबणे आले. हळूच एक पाय बाहेर येतो, चाचपतो, दुसरा येतो, आणि मोजणी पुरी होण्याच्या आत स्वारी पाटीच्या काठावरून खाली उतरते. कोणाचे सहा भरले, कोणाचे सात, एकाचे तर नऊ. अखेर एका मुलीने युक्ती काढली : एकाच बाजूचे पाय मोजायचे आणि दुप्पट करायची. एका बाजूला चार निघाले. नावाने किडा, पण कुळाने कोळ्याचा भाऊबंद, असा निकाल त्या दिवशी लागला, आणि चार दुणे आठ हे मला निराळे शिकवावे लागले नाही.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंखशिंपले कामी आणले. त्या साहित्यात एखादा चालताफिरता जिन्नस घालावा, इतकीच माझी सूचना आहे. चारच्या पाढ्याला भिंतीकडेने सरकणारा पैसा पाहावा. त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, म्हणून वलये मोजून चौपट केली की हिशेब उरकतो. मात्र डोक्यामागचे पहिले वलय बिनपायांचे नि पुढच्या तिहींना एकेकच जोडी, त्यामुळे उत्तर थोडे चुकते, आणि ते का चुकले हे शोधण्यात मुलांचा अख्खा तास आनंदात जातो. तपासनीस साहेबांना हे कितपत रुचेल, ते मात्र सांगवत नाही.

निकाल लागल्यावर मी एक आगळीक केली. मृगाच्या किड्याचे पिल्लू टोळासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पिते, आणि त्या वयात त्याला सहाच पाय असतात, हे मी बोलून गेलो. वर्ग एकदम शांत झाला. मागल्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग गुरुजी, लहानपणी तो कीटक असतो का?’ मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच ती दुपटीवाली मुलगी म्हणाली, ‘पाय नकोत, मिशा मोजा.’ झुरळाला मिशा दोन, मुंगीला दोन, फुलपाखराला दोन. मग सगळी डोकी पुन्हा त्या तांबड्या ठिपक्यावर वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली, आणि तिने आपल्या पाटीवर मिशांच्या रकान्यात एक भले मोठे शून्य काढले.